एकीचं आयुष्य, दोघींचा चेहरा

एखाद्या बाईचं अख्खं आयुष्य पडद्यावर दाखवायचं म्हटलं की एक अडचण हमखास येते. लहानपणासाठी एक मुलगी लागते, तरुणपणासाठी दुसरी आणि म्हातारपणासाठी तिसरी. चेहरे बदलतात, पण माणूस तेच राहायला हवं. आपल्या मालिकांनी यावर सोपा तोडगा काढलाय, तो म्हणजे चेहरा बदलायचाच नाही. कथा 20 वर्षं पुढे उडी मारते, नायिकेच्या कानाजवळ एक रुपेरी बट येते, नाकावर चष्मा चढतो आणि कालपर्यंत कॉलेजात जाणारी मुलगी आज सासू होऊन बसते. चेहरा बदललाच तर तो कथेला हवा म्हणून नव्हे, मूळ कलाकाराने मालिका सोडली म्हणून. मग खाली पट्टी झळकते, यापुढे ही भूमिका अमुक अमुक साकारतील. आपण आठवडाभर कुरकुरतो आणि मग सरावतो.

मला कोरियन आणि जपानी मालिकांचं वेड आहे. का, असं विचारणाऱ्यांना वाटतं की मी आता देखण्या नायकांबद्दल आणि बर्फात उघडलेल्या छत्र्यांबद्दल बोलणार. तेही मला आवडतंच. पण मी या मालिकांत खरी गुंतले ती त्यांच्या नायिकांमुळे, आणि त्यातही एका गोष्टीमुळे. तिथे एक अभिनेत्री आपली बाई दुसरीच्या हवाली करते. कालपर्यंत जी हिची होती ती आजपासून तिची होते, आणि आपण मात्र तिला लगेच ओळखतो. नाकडोळे जुळतात म्हणून ओळखत नाही, कारण ते बहुतेकदा जुळतच नाहीत. मग कशावरून ओळखतो? या एका प्रश्नापायी मी कितीतरी रात्री जागले आहे.

सुरुवात 'ओशिन'पासून करायला हवी. दूरदर्शनवर ती हिंदीत पाहिल्याचं माझ्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. जपानच्या एनएचके वाहिनीवर सकाळी मालिकेचा एक छोटा भाग दाखवायची प्रथा 1961पासून चालत आली आहे. 'ओशिन' त्यातलीच. एप्रिल 1983 ते मार्च 1984 असं वर्षभर ती चालली, एकूण 297 भाग, आणि जपानमध्ये तिचं सरासरी रेटिंग 52 टक्क्यांच्या वर होतं. लेखिका हाशिदा सुगाको. कथा 1907मध्ये सुरू होते. यामागाता भागातलं एका कुळाचं घर, भातात मुळा घालून भागवलेली जेवणं, आणि 7 वर्षांची ओशिन, जिला एक पोतं तांदळाच्या बदल्यात परक्या घरी कामाला पाठवतात. थंडीच्या दिवसांत मोगामी नदीतून लाकडाच्या तराफ्यावर बसून ती जाते आणि काठावरून आईबाप मागे पडत जातात. जपानमध्ये आजही 'ओशिन' म्हटलं की लोकांना तो तराफा आठवतो.

छोटी ओशिन केली कोबायाशी आयाकोने, तरुण ओशिन तानाका यूकोने आणि म्हातारी ओतोवा नोबुकोने. पण गंमत अशी की आपल्याला पहिल्यांदा भेटते ती म्हातारीच. नव्या सुपरमार्केटच्या उद्घाटनाच्या दिवशी ही 83 वर्षांची मालकीण घरातून कुणाला न सांगता निघून जाते आणि बालपणीच्या डोंगराळ मुलखात पोहोचते. म्हणजे शेवट आधीच समोर ठेवलाय. पुढे भूकंपात कारखाना जाणार, सासरी छळ होणार, युद्धापायी मुलगा आणि नवरा दोघंही गमावणार, आणि या सगळ्यातून तानाका यूकोला त्या म्हातारीपर्यंत पोहोचायचंय. ती पोहोचते. मोठमोठ्या प्रसंगांमुळे नव्हे, तर हळूहळू बोलणं आखूड होत गेल्यामुळे. तरुण ओशिन कारणं देते, समजावते, बाजू मांडते. ओतोवांच्या ओशिनला कुणाला काही समजावायची गरजच उरलेली नाही. मधली तीस-चाळीस वर्षं कुठे गेली ते मला त्या तुटक वाक्यांवरून कळतं.

'दे जांग गुम' या कोरियन मालिकेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. 2003-04मध्ये एमबीसी वाहिनीवर तिचे 54 भाग झाले आणि तिची नायिका ली यंग-ए हिचं नाव कोरियाच्या बाहेर, अगदी इराणपर्यंत, घरोघरी पोहोचलं. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात शिकायला आलेली अनाथ पोर पुढे राजाची वैद्य होते. कोरियातल्या जुन्या जोसन राजवटीच्या बखरींत जांग-गुम नावाच्या राजवैद्य बाईचा उल्लेख सापडतो, त्या चार ओळींवर उभी केलेली ही कथा. मला तिच्यातलं एक दृश्य पाठ आहे. मुदपाकखान्यातल्या हान बाई त्या पोरीला पाणी आणायला सांगतात. आणून द्यायचं सोडून पोरगी उलट विचारते, पोट दुखतंय का? पोट साफ झालं होतं का? घसा खवखवतोय का? मग कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून आणते आणि सावकाश प्या म्हणते. हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. बालकलाकार चो जंग-उनने ते विचारताना चेहऱ्यावर जराही हुशारी मिरवलेली नाही, फक्त काळजी आहे. पुढे ली यंग-ए आजाऱ्याचा हात हाती घेऊन असंच एकेक विचारू लागते, तेव्हा मधली सगळी वर्षं पुसली जातात आणि तीच पोर समोर बसलेली दिसते.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या अभिनेत्रीकडे येते. किम हे-जा. जन्म 1941चा. 1980 ते 2002 अशी 22 वर्षं आणि 1088 भाग चाललेल्या, खेड्यातल्या शेतकरी घराच्या मालिकेत त्यांनी आई केली, आणि अख्ख्या कोरियाने त्यांना आई मानलं. मग दिग्दर्शक बोंग जून-होने त्यांना डोळ्यांपुढे ठेवून 'मदर' हा चित्रपट लिहिला, तो 2009मध्ये आला, आणि त्याच मायाळू चेहऱ्यातून अंगावर काटा येईल अशी आई बाहेर काढली. आणि 2019मध्ये आली जेटीबीसी वाहिनीची 'द लाइट इन युअर आइज'. फक्त 12 भाग. नायिकेचं नावही किम हे-जाच.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडून द्यावेत. खरंच सोडा, कारण ती कोऱ्या मनाने पाहण्यासारखी आहे.

25 वर्षांच्या हे-जाजवळ काळ मागे फिरवणारं घड्याळ असतं. टॅक्सी चालवणाऱ्या वडिलांचा अपघात टाळायला ती ते पुन्हा पुन्हा फिरवते आणि त्याची किंमत म्हणून एका सकाळी म्हातारी होऊन उठते. इथपर्यंत तिची भूमिका करते हान जी-मिन, इथून पुढे किम हे-जा. सत्तरी ओलांडलेल्या बाईने पंचविशीतली मुलगी करायची, तीही म्हाताऱ्या शरीरात अडकलेली. दुसऱ्या कुणी आवाज बारीक केला असता, मुरके मारले असते. किम हे-जा तसलं काही करत नाहीत. त्या फक्त शरीराकडे परकेपणाने बघतात. उठायला जातात आणि गुडघा दाद देत नाही, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर वेदनेआधी आश्चर्य उमटतं, हे माझ्या पायाला काय झालं? मुरलेल्या म्हातारीला गुडघ्याचं नवल वाटत नसतं. ते नवल हान जी-मिनचं आहे, आणि ते जसंच्या तसं इकडे आलंय.

दहाव्या भागाच्या शेवटी कळतं की घड्याळबिड्याळ काही नव्हतं. हे-जा खरोखरच म्हातारी आहे, तिला अल्झायमर आहे, आणि आपण इतका वेळ तिच्या विस्कटलेल्या आठवणीत राहत होतो. ज्यांना ती आईबाबा म्हणत होती ते तिचे मुलगा-सून आहेत. जो तरुण पत्रकार तिला आवडला होता तो तिचा नवरा होता, सत्तरच्या दशकात पोलिस कोठडीत मारला गेलेला. ते घड्याळही त्याचंच. म्हणजे हवाली करणं उलटंच होतं. हान जी-मिनने आपली मुलगी किम हे-जांना दिली असं आपण समजत होतो, आणि खरं तर या म्हातारीनेच आपल्या आठवणीत स्वतःला हान जी-मिनचा चेहरा देऊन ठेवला होता. मी त्या रात्री मालिका पहिल्या भागापासून पुन्हा लावली. प्रत्येक दृश्य वेगळं दिसत होतं. मुलीच्या ताटात वाढणारी ती आई, जी खरं तर सून होती, किती थकलेली होती ते पहिल्या खेपेला लक्षातच आलं नव्हतं.

शेवटच्या भागात वृद्धाश्रमाच्या आवारात बर्फ पडतंय आणि हे-जा झाडू घेऊन ते लोटते आहे. तिचा मुलगा लहानपणी एक पाय गमावून बसलेला, आज स्वतः म्हातारपणाकडे झुकलेला. तो जवळ येतो. ती त्याला ओळखत नाही. माझा मुलगा पायाने अधू आहे, तो शाळेत जाताना घसरू नये म्हणून रस्ता साफ करते, असं त्यालाच सांगते. त्याला जन्मात पहिल्यांदा कळतं की लहानपणी हिवाळ्यातल्या सकाळी आपली वाट स्वच्छ कोण करून ठेवायचं. कडक, कोरड्या वाटलेल्या आईबद्दल त्याने आयुष्यभर मनात धरलेलं सगळं तिथे गळून पडतं. तुमचा मुलगा एकदाही पडला नाही, असं तो तिला सांगतो. हो का, बरं झालं, एवढंच ती म्हणते. किम हे-जा ते 'बरं झालं' इतकं साधं म्हणतात, की जणू शेजारणीने दूध उतू गेलं नाही म्हणून सांगितलं असावं. मी हे दृश्य आईला दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "अगं, असंच असतं. सांगत कोण बसतं?"

त्याच वर्षीच्या मे महिन्यात कोरियातल्या मालिका-चित्रपटांच्या बेकसांग पुरस्कारांत किम हे-जांना सर्वोच्च मान मिळाला. काय बोलावं ते सुचेना म्हणून त्या पटकथेचं पान फाडून सोबत घेऊन आल्या होत्या, आणि मालिकेच्या शेवटचं निवेदन त्यांनी मंचावर वाचून दाखवलं. आयुष्य कधी दुःखाचं गेलं, कधी सुखाचं, पण जगले हे चांगलं झालं, असा त्याचा आशय. समोर बसलेल्या कोरियातल्या बड्या बड्या नट्या रडत होत्या.

2025च्या मार्चमध्ये आलेली 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' तर या हवाली करण्याच्या खेळाचा कळस आहे. लेखिका लिम सांग-चुन, दिग्दर्शक किम वोन-सोक. जेजू बेटावर 1951मध्ये जन्मलेली ए-सुन. तिची आई ग्वांग-ऱ्ये हेन्यो, म्हणजे ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय, नुसता श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जाणारी आणि शंख-शिंपले काढून आणणारी बाई. या हेन्यो बायकांच्या संस्कृतीची युनेस्कोने 2016मध्ये वारसा म्हणून नोंद केली. यम हे-रानने ती आई अशी काही केली आहे, की थोड्याच भागांत असूनही ती सोळाही भागांवर पसरून राहते. छोटी ए-सुन शाळेत कविता लिहिते. आईला शंख विकून दिवसाचे शंभर ह्वान (तेव्हाचं कोरियन चलन) मिळतात, तेवढे पैसे मीच देऊन आईचा एक दिवस विकत घेईन आणि तिला विसावा देईन, अशी ती कविता. आईची 29व्या वर्षीच अखेर होते.

तरुण ए-सुन आययूने केली आहे. आययू मूळची गायिका, वयाच्या पंधराव्या वर्षी, 2008मध्ये पहिलं गाणं आलेली. तिच्यातली अभिनेत्री मला 2018च्या 'माय मिस्टर'मध्ये गवसली. त्यात ती कर्जात बुडालेली, ऑफिसातली कॉफीची पाकिटं उचलून घरी नेणारी मुलगी आहे. ऐकू न येणाऱ्या आजीला चंद्र बघायचाय म्हणून ती तिला सुपरमार्केटच्या ढकलगाडीत बसवून रात्री चढावरून नेते. त्या मालिकेत ती जवळजवळ बोलतच नाही. ए-सुन मात्र बोलते, भांडते, ओरडते, कविता म्हणते. सासरच्या आजीला पणतीलाही हेन्यो करायचंय हे कळताच ती पूजेचा मांडलेला पाटच उलथून टाकते. दोन्ही बायका एकाच मुलीने केल्यात यावर विश्वास बसत नाही.

त्याच सासरचं एक जेवण आहे. पुरुष एका टेबलाशी, बायका दुसऱ्याशी, आणि बायकांच्या वाट्याला उरलंसुरलं. ए-सुनचा नवरा ग्वान-शिक पुरुषांच्या पंगतीला बसलाय. तो काही बोलत नाही, भांडत नाही. बसल्या जागी अर्धा वळतो, पुरुषांकडे पाठ करतो आणि बायकोच्या टेबलाकडे तोंड करून जेवू लागतो. बस, एवढंच. आईला इंग्रजी सबटायटल्स भरभर वाचता येत नाहीत, म्हणून मी मधूनमधून थांबवून सांगत असते. इथे थांबवायची गरजच पडली नाही. तिने आणि तिच्या जावांनी वर्षानुवर्षं मागच्या पंगतीला, गार झालेलं जेवलंय. "आमच्यात असं कुणी वळलं नाही," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, नोंद केल्यासारखी.

मग ए-सुन प्रौढ होते आणि मून सो-री येते. मून सो-री म्हणजे 2002च्या 'ओएसिस'साठी व्हेनिसला गौरवलेली, कोरियन सिनेमातली मानाची अभिनेत्री. आययूशी तिचं नाकडोळ्यांचं साम्य फारसं नाही. पण ती हसते तेव्हा आधी ओठ आवळते आणि मग एकदम सगळं तोंड फुलतं, आणि तिथे मी ए-सुनला पकडलं. बरं, आययू तरी कुठे जाते? ती जातच नाही. मालिका तिला ए-सुनची मुलगी गुम-म्यंग बनवते. म्हणजे आईने आपला तरुण चेहरा लेकीला दिला आणि स्वतः नवा, वयस्क चेहरा घेतला. आता मून सो-री आययूकडे बघते तेव्हा ती मुलीकडे बघत असते आणि स्वतःच्या हरवलेल्या तरुणपणाकडेही. शिकायला न मिळालेली आई लेकीला सोलला विद्यापीठात पाठवते आणि तो चेहरा शेवटी तिथे पोहोचतो जिथे त्याला पहिल्यापासून जायचं होतं. लेक चिडते, आईला फोनवर तोडून बोलते, मग पश्चात्तापाने जळते. तिच्या ओठांवरची ती चीड ए-सुनचीच असते. पुढे ए-सुन गावच्या मच्छीमार संस्थेची प्रमुख होते, उतारवयात कवितासंग्रहही काढते. त्या वर्षीच्या बेकसांगमध्ये ही सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरली आणि यम हे-रानला सहायक अभिनेत्रीचा मान मिळाला. मला फार बरं वाटलं.

हे सगळं जमतं कारण तिथे म्हाताऱ्या अभिनेत्री कामात असतात. मुद्दा इतका सरळ आहे. 2016ची 'डिअर माय फ्रेंड्स' घ्या. नो ही-ग्यंग या लेखिकेची, किम हे-जा, ना मून-ही, गो दू-शिम, युन यो-जंग, पार्क वोन-सुक, सगळ्या वयस्क बायका, मैत्रिणी, आणि नायिका त्याच. त्या कुणाच्या नातवंडांना मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेल्या नाहीत. त्या गाडी चालवतात, भांडतात, नवऱ्याला सोडून जातात, एकीला स्मृतिभ्रंश होतो. युन यो-जंगला पुढे 2021मध्ये ऑस्कर मिळालं, ते आकाशातून पडलेलं नव्हतं. तोवर अनेक दशकं तिला कुणीतरी काम लिहून देत होतं. आणि ते लिहिणारे हात पुष्कळदा बाईचे असतात. कोरियात लोक मालिका लेखिकेच्या नावाने ओळखतात, नो ही-ग्यंगची नवी आली का, असं विचारतात. शिवाय 12 किंवा 16 भागांत संपवायचं हे आधी ठरलेलं. रोज एक भाग पुरवायचा आणि टीआरपी आहे तोवर ताणायचं, अशा गाड्याला जुंपलेल्या लेखकाला म्हातारपण लिहायला उसंत कुठून मिळणार? आपल्याकडे गुणाची वानवा नाही, उसंतीची आहे.

2025च्या एप्रिलमध्ये 'हेवन्ली एव्हर आफ्टर' सुरू झाली. 'द लाइट इन युअर आइज'चेच दिग्दर्शक किम सोक-युन, आणि पुन्हा किम हे-जा आणि हान जी-मिन. यात 80 वर्षांची हे-सुक मरून स्वर्गात जाते. तिथे कोणत्या वयाचं होऊन राहायचं ते निवडता येतं. तू आता सगळ्यात सुंदर दिसतेस, असं नवरा शेवटी म्हणाला होता, म्हणून ती 80च निवडते. जाऊन बघते तर नवरा तिशीतला होऊन बसलेला. विनोदी म्हणून सुरू होणारी ही गोष्ट मी पहिल्या भागापासून डोळे पुसत पाहिली, कारण 83 वर्षांच्या किम हे-जा त्यात रुसतात, मत्सर करतात, प्रेमात पडलेल्या असतात, आणि कॅमेरा त्यांच्या सुरकुत्यांपासून एकदाही दूर पळत नाही.

आपल्याकडे अशी मालिका निघाली तर? हा विचार माझ्या डोक्यात सारखा घोळत असतो. माझ्या मनातल्या दोघी ठरलेल्या आहेत, अमृता सुभाष आणि ज्योती सुभाष. खऱ्या मायलेकी, दोघीही तालेवार अभिनेत्री. 'गंध'मध्ये आपण त्यांना आई आणि मुलगी म्हणून पाहिलंय. मला त्यांना एकच बाई म्हणून बघायचंय. तिशीत अमृता, सत्तरीत ज्योतीताई. 12 भाग पुरेत. बाई कोकणातली असो की खानदेशातली, गिरणीत काम केलेली असो की शाळेत शिकवलेली. फक्त ती कुणाची सासू म्हणून नको, स्वतःच्या नावाने हवी, आणि लिहिणारीला घाईत लिहायला लावू नये.